चीफच्या पाया पडले तेव्हा

मी झांबियाला निघाले तेव्हा आबा गाडीपर्यंत आले, पण गाडी ग्रामपंचायतीवरून जाणार म्हटल्यावर माघारी फिरले. "त्या रस्त्यानं मी येत न्हाय. तू जा." आमचं पाटलाचं घर. सांगवीतले तंटे पिढ्यान्‌पिढ्या आमच्याच ओसरीवर मिटलेले. आणि सरपंचकीला आबांना पाडलं कुणी, तर अंगणवाडीतल्या मंगलनं! खरं सांगते, मला रागच आला. लेक परदेशी चाललीय अन् ह्यांचा रुसवा सुटेना.

इथं मी कारखान्यासाठी शेतकऱ्यांचा ऊस बघते. आल्या आल्याच माती खाल्ली. पाण्याची पाइपलाइन टाकायची होती. आपल्याकडच्या सवयीनं तिथल्या स्थानिक परिषदेवर निवडून आलेल्या सदस्या बांदाबाईंची सही घेतली आणि खुंट्या ठोकल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्या उपटलेल्या! इंग्रज गेले, मतपेट्या आल्या, तरी जमीन इथं चीफच्या, म्हणजे परंपरेनं चालत आलेल्या प्रमुखाच्या शब्दावर चालते. तिकडं ऊस वाळत होता.

बांदाबाईंनाच घेऊन माफी मागायला गेले. गुडघ्यावर बसून हलक्या टाळ्या वाजवायच्या, हे त्यांनी दहादा शिकवलेलं. पण म्हाताऱ्याचे पांढरे केस दिसले आणि मी सरळ जाऊन पाया पडले! चीफना हात लावायचा नसतो. माझी पाचावर धारण बसली. "आमच्याकडं वडिलांच्या असंच पाया पडतात," मी कसंबसं म्हणाले. बांदाबाईंनी ते त्यांच्या भाषेत सांगितलं, आणि म्हातारा हसला की हो!

मग त्यांनी बांदाबाईंना शेजारी बसवलं. ह्याच बाईनं त्यांच्या भाच्याला निवडणुकीत पाडलं होतं. "जमीन मी राखतो, पाणी हिनं आणावं. आम्ही भांडलो तर लोकांचा ऊस जळेल," ते म्हणाले. त्याच हंगामात पाणी आलं.

आबांना फोनवर सगळं सांगितलं.

"भाच्याला पाडलं, तरी शेजारी बसवलं?"

"व्हय आबा."

"आन् तू पाया पडलीस त्येच्या? येडी हायेस." फोन ठेवून दिला.

परवा आईचा फोन. दोन भावकींत बांधावरून जुंपली होती, आणि मंगल स्वतः आबांना बोलवायला आली. आबा तिच्याबरोबर बांधावर गेले, गं बाई, गेले! जुनी हद्द पावलांनी मोजून दाखवली. म्हणाले, "मंगल, आमच्या माघारी हे कुणाला ठावं न्हाय. लिहून घे."

मी उसाच्या सरीतच बसून रडले. आता घर म्हटलं की मला ओसरी दिसत नाही. बांधावरची ती दोघं दिसतात. आबा सांगतायत आणि मंगल लिहून घेतेय.