रस्त्याची रुंदी

शरयूताई कोरान्ने कधीही पळत रस्ता ओलांडत नसत. सकाळी उज्जैनच्या फ्रीगंजहून येणाऱ्या मॅजिक टेम्पोतून आम्ही आगर रोडवर उतरायचो आणि शाळा असायची पलीकडच्या बाजूला. झालावाडकडे जाणारे ट्रक तिथे उतारावरून सुसाट येत. आम्ही बाकीच्या शिक्षिका पर्स छातीशी धरून, ‘आता चल, आता चल’ असं एकमेकींना ओरडत धावायचो. ताई मात्र हात खांद्याइतका वर करायच्या आणि वर्गात फळ्यापासून शेवटच्या बाकाकडे जावं तशा चालू लागायच्या. ब्रेक करकचून लागत. ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून काहीतरी वाईट बोलायच्या बेतात असायचा, तेवढ्यात ताईच त्याला विचारायच्या, “कहाँ जा रहे हो, भैया?”

“कोटा,” तो गोंधळून म्हणायचा.

“कोटा कहीं भागा नहीं जा रहा. लड़कियों को निकल जाने दो, फिर जाना.”

आणि त्यांच्यामागून सायकली हातात धरून मुलींची रांग निघायची. आमची शाळा शहराच्या हद्दीतली शेवटची. मुली येत त्या मात्र आम्ही उतरायचो त्या बाजूच्या खेड्यांतून. नववीत गेल्यावर सरकारकडून सायकल मिळते, म्हणून शिकणाऱ्या मुली होत्या त्या. सायकल नसती तर आठवीनंतर त्या घरीच बसल्या असत्या.

मी त्या शाळेत ग्रंथपाल. ताई भूगोल शिकवत. त्या माधव नगरात राहायच्या, एकट्या. वडील अकोल्याकडून रेल्वेच्या नोकरीत उज्जैनला आले आणि इथलेच झाले. माझ्या खोलीत येऊन त्या खुर्ची ओढत आणि म्हणत, “वृंदा, तू वाचते खूप आणि बोलते काहीच नाही. इतकं सगळं आत ठेवून करते काय? अचार घालते?”

भूगोलाचा त्यांचा नकाशा म्हणजे शाळेसमोरचा रस्ता. नववीच्या पहिल्या तासाला त्या मुलींना फाटकाशी नेत आणि विचारत, हा कुठे जातो? घट्टिया, घोसला, आगर, सुसनेर, सोयत, पुढे राजस्थानची हद्द आणि मग झालावाड. एकेक गाव, तिथली माती, तिथलं पाणी, तिथला बाजार. ताई लहान असताना या वाटेने आगरपर्यंत छोटी रेल्वे जायची. त्यांचे वडील तिच्यावर गार्ड होते. ताई शाळेत असतानाच ती बंद झाली, रूळही उखडले. त्याविषयी त्या एवढंच सांगत, “पटरी उखडत होते आणि आम्ही सगळे कडेला उभं राहून बघत होतो. बाबासुद्धा. कोणाला काही विचारावं असं आमच्या डोक्यातच आलं नाही.” हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. एरवी तो कधी खाली येत नसे.

मग रस्ता चौपदरी करायचं ठरलं. मध्ये दुभाजक, दोन्ही कडांना लोखंडी कठडे आणि आमच्या शाळेजवळ तर माणसाच्या डोक्याच्या वर जाईल इतका उंच मातीचा भराव. शहर खूश होतं. झालावाडला किती लवकर पोचता येईल, कोटा किती जवळ येईल, याचीच चर्चा. स्टाफरूममध्येही पेढे आले. ताईंनी पेढा खाल्ला आणि विचारलं, “आणि मुली कुठून येणार?”

कोणी म्हणालं, पुढे चौक आहे ना, तिथून वळून येतील.

“ते पुढे म्हणजे किती पुढे, ते जाऊन बघितलं का तुम्ही? भर उन्हात, ट्रकच्या बाजूने, उलट्या दिशेने? एक महिना येतील. मग बाप म्हणेल, राहू दे आता, बस घरी.” मग त्यांनी माझ्याकडे वळून ते वाक्य म्हटलं, जे पुढे आम्ही सगळ्यांनीच इतक्यांदा ऐकलं. “हे लोक रस्ता लांबीने मोजतात, वृंदा. ज्यांना त्याच्या कडेला राहायचंय त्यांनी तो रुंदीने मोजायला पाहिजे.”

त्यांची मागणी एकच होती: शाळेसमोर भरावाखालून बोगदा हवा, सायकल घेऊन मुलगी जाईल एवढा. तो आराखड्यात नव्हता.

कलेक्टर कचेरीत मंगळवारी जनसुनवाई असते. कोणीही जावं, अर्ज द्यावा, आपली रड सांगावी. ताई जाऊ लागल्या. प्राचार्यांनी त्यांना बोलावून समजावलं, “मैडम, रिटायरमेंट पास है, क्यों उलझती हो? सोयत भेज देंगे.” ताई म्हणाल्या, “भेज दो सर, बॉर्डर तक का रास्ता देख आऊँगी.” एका मंगळवारी त्यांनी मलाही ओढून नेलं. मी जायला तयार नव्हते. मला गर्दीत बोलायचं नसतं आणि गर्दीत नुसतं उभं राहणंही जड जातं. पण त्या दिवशी गेले याचं आज बरं वाटतं.

सर्वेक्षण करणाऱ्या कंपनीचा एक तरुण इंजिनिअर आला होता, हरियाणाकडचा, इस्त्रीचा शर्ट, स्वभावाने गरीब. त्याने अधिकाऱ्यांना सांगितलं, “सर, इस जगह पैदल क्रॉसिंग लगभग है ही नहीं. हमारे लड़के सुबह से शाम तक बैठे थे. वर्किंग डे था.”

“कौन सा दिन, बेटा?” ताईंनी विचारलं.

“सोमवार.”

“महीना?”

तो हसला. त्याला प्रश्न अपेक्षित होता. “मैडम, मालूम है मुझे. सावन के सोमवार यहाँ सवारी निकलती है, स्कूल बंद रहते हैं, इतवार को लगते हैं. इसलिए सावन हमने पूरा छोड़ दिया. राखी हो जाने दी, उसके बाद का सोमवार लिया.”

सभागृहात आधी खुसखुस झाली आणि मग उघड हशा. कारण उज्जैनच्या कोणत्याही रिक्षावाल्याला ठाऊक असलेली गोष्ट या मुलाला कोणी सांगितली नव्हती. उत्तरेकडचा सावन राखीला संपतो. आमचा मराठी माणसांचा श्रावण पंधरा दिवस मागून येतो आणि राखीनंतरही अर्धा उरतो. शिंदेशाहीच्या काळापासून उज्जैनचा राजा मानल्या जाणाऱ्या महाकालाच्या पालखीच्या सवाऱ्या आमचाही श्रावण धरून चालतात. शेवटची शाही सवारी इथल्या भादोंमध्ये, म्हणजे हिंदी पंचांगाच्या भाद्रपदात निघते. तोवर सोमवारी शाळा बंदच.

“बेटा,” ताई म्हणाल्या, “राखी पे तुम्हारा सावन ख़तम हुआ. मेरा आधा बाकी था. तुम उस दिन मेरी लड़कियाँ गिनने बैठे जिस दिन वो सब शहर में राजा की पालकी देख रही थीं.”

अधिकारीसुद्धा हसले. आणि हसल्यावर त्यांना नाही म्हणणं अवघड झालं. ते म्हणाले, ठीक आहे, पुन्हा मोजा. आणि लागलंच तर वरून पादचारी पूल देऊ.

“साहब, सायकल कंधे पे लेके चढ़ेगी वो?” ताई म्हणाल्या. “आपकी बिटिया को एक दिन भेजिए मेरे यहाँ. चढ़ के दिखा दे तो मैं घर बैठ जाऊँगी.”

मी ताईंचा पदर ओढत होते. त्यांनी माझा हात झटकला. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, “तू काय मला ओढत होती गं? मी पडत होते का?”

हिवाळ्यात, साध्या बुधवारी, पुन्हा मोजणी झाली. मुली सायकली घेऊन निघाल्या आणि मोजणारी मुलं दमली. अहवाल वर गेला. वर म्हणजे कुठे, ते कोणालाच सांगता येत नव्हतं. आदेश काही येईना. इकडे भराव दोन्ही बाजूंनी पुढे सरकत होता. शाळेसमोर तेवढी फट राहिली होती, दोन्हीकडे मातीच्या भिंती आणि मधून मुलींची वाट. मार्चअखेर ताई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी शाल, श्रीफळ, भाषणं झाली. ताईंनी उत्तरादाखल फक्त एवढं विचारलं, “आता मला सोयतला कोण पाठवणार?” आणि खाली बसल्या.

एप्रिलमध्ये ठेकेदाराला पावसाआधी भराव जोडायचा होता. आदेश आला की बघू, तोवर माती टाकून घेऊ, लागलीच तर काढू, असं त्याने एके दिवशी ताईंना सांगितलं. एकदा टाकलेली माती कोणी काढत नाही, हे ताईंना कळत होतं. दुसऱ्या दिवसापासून त्या फटीत प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या. सकाळची शाळा सुटली की दहावीच्या मुली त्यांच्यासमोर गोणपाटावर बसत. फळा भरावाला टेकवलेला.

तोच हरियाणाचा इंजिनिअर आता साइटवर होता. तो हात जोडून म्हणाला, “मैडम, धरना मत दीजिए, मेरी नौकरी का सवाल है.”

“धरना कौन दे रहा है? एक्स्ट्रा क्लास है. भूगोल कमज़ोर है इनका. तुम्हारा भी कमज़ोर है, बैठ जाओ.”

तो बसला नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याने सावलीसाठी हिरवी जाळी बांधून दिली. माती आणणारे टिपर ट्रक येऊन उभे राहत, ड्रायव्हर चहा पीत, ताई शिकवत आणि टिपर परत जात. रोज. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून तोच रस्ता घेतला होता, घट्टियापासून. मी एकदा म्हटलं, “ताई, ऊन बाधेल.” त्या म्हणाल्या, “मग तू ये ना दुपारची पाळी करायला. येते?” मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी आग्रह धरला नाही. बाटली तेवढी माझ्या हातातून घेतली.

बोगदा झाला, हे इथेच सांगून टाकते. मे उजाडायच्या आत आदेश आला. आज मुली सायकलवर बसूनच त्यातून शाळेत येतात आणि आत शिरल्यावर विनाकारण घंटी वाजवतात. मला सांगायचंय ते आदेशाच्या आधीच्या एका सकाळचं.

आदल्या संध्याकाळी ताई गेल्या. घरी, खुर्चीत, दिवेलागणीला. डॉक्टर म्हणाले, हृदय. शेजारच्या काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, उन्हात बसायच्या ना त्या. जणू ताईंनी मागितलेली गोष्टच चूक होती, आणि तिची ही शिक्षा.

सकाळी शाळेत प्रार्थनेच्या मैदानात शोकसभा झाली. प्राचार्य म्हणाले, कोरान्ने मैडम ज़िद्दी थीं, पर दिल की साफ़ थीं. मी मागच्या रांगेत उभी होते. त्या ‘पर’चा मला विलक्षण राग आला. शाळेत येणाऱ्या मुलीला जिवानिशी पलीकडे पोचता यावं असं म्हणणं, याला हट्ट म्हणायचं? आणि त्याची भरपाई म्हणून साफ मन दाखवायचं? ताईंना कोणी माफ करायची गरज नव्हती. त्यांनी कोणाचं काही बिघडवलं नव्हतं. त्यांनी फक्त एका बाजूला उभं राहून बघायचं नाकारलं होतं.

दोन मिनिटांचं मौन झालं आणि सुट्टी जाहीर झाली. मी माझी खोली बंद करून फाटकाबाहेर आले, तर मुली घरी गेल्याच नव्हत्या. फटीत हिरव्या जाळीखाली गोणपाटं अंथरली होती आणि दहावीचा वर्ग ओळीने बसला होता. रिकाम्या खुर्चीवर कोणीतरी फडकं मारून ती पुसून ठेवली होती. पलीकडे मातीने भरलेले टिपर इंजिन चालू ठेवून उभे होते. त्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त होते. बातमी ठेकेदारापर्यंतही पोचली होती.

इंजिनिअर माझ्याकडे आला. त्याचे डोळे लाल होते. “मैडम का सुना,” तो म्हणाला. “बहुत बुरा लगा. सच में.” मग घुटमळला. “अब ये बच्चियाँ… ऊपर से फोन पे फोन आ रहे हैं. आज भर देने को बोल रहे हैं.”

मी त्याच्याकडे पाहिलं. मग जाळीखाली बसलेल्या मुलींकडे.

“कैसे भरोगे?” मी म्हटलं. “पीरियड चालू है.”

“कब तक, मैडम?”

“कोर्स पूरा होने तक.”

मी फटीत, जाळीखाली गेले. खुर्ची उन्हाने तापलेली होती. मी बसले. मी आयुष्यात कधी भूगोल शिकवला नव्हता, वर्गच घेतला नव्हता. समोर त्या सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. काहींचे चेहरे रडून सुजले होते, पण पुस्तकं उघडी होती. मी पहिल्या रांगेतल्या मुलीला विचारलं, “मैडम कहाँ तक आई थीं?”

“सोयत तक,” ती म्हणाली. “बॉर्डर आज करने वाले थे.”

मी उठले आणि फळ्यावर सोयतच्या पुढे रेघ ओढायला घेतली. माझी रेघ वाकडी आली. पाठीमागे एकेक करून टिपरची इंजिनं बंद झाली.