परवानगी फक्त कॅसेटची

शिवणकाम करणाऱ्या मावशींकडे गल्लीचं पहिल्यांदा लक्ष गेलं, ते त्यांनी गाण्यांच्या कंपनीच्या मालकाला दारातच उभं केलं तेव्हा. तरुणपणी त्यांनी स्वतः रचलेली गाणी त्याच्या कॅसेटसाठी गायली होती. पुढे त्यानं न विचारता त्यांची सीडी काढली आणि वर गायिका म्हणून बायकोचं नाव छापलं. आता मोबाइलवर गाणी आणायला मावशींची संमती लागत होती.

"ताई, झालं गेलं विसरा. या वेळी तुमचंच नाव टाकतो."

"परवानगी दिली होती ती कॅसेटची. खुशाल कॅसेटी विका."

"हल्ली कॅसेट कोण ऐकतं?"

"म्हणूनच तर म्हणतेय," मावशी गोड हसल्या आणि दार लावून घेतलं.

मावशी आजही मशीन चालवताना तीच गाणी मोकळ्या गळ्यानं गातात. कुणी मोबाइल पुढे धरला, की गप्प होतात.