भाऊजींचं पान

आर्या, नील,

गेल्या आठवड्यात आर्याला तिकडच्या डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला क्षय होता का, आणि तुमच्या बाबांनी करडीच्या आजोबांचं नाव सांगितलं. ते चूक आहे. त्यांना क्षय कधीच नव्हता. म्हणून आता लिहिते आहे.

करडीचे आजोबा म्हणजे करडी गावात राहणारे तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ, माझे भाऊजी. इतका लाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही. पंगतीत पुन्हा भात मागायची त्यांना लाज वाटे. वाढणारी पुढे गेली की रिकाम्या पत्रावळीवर बोटं फिरवत बसत. शिंक आली तरी दाराबाहेर जाऊन देत.

पन्नाशीनंतर त्यांनी एकाएकी पान खायला सुरुवात केली. त्यांची बायको शांता सगळ्यांसमोर म्हणे, "म्हातारपणी शौक सुचून राहिले यायले." ते तोंड मिटून हसत आणि थुंकायला गोठ्यामागे जात. त्याच सुमारास थोरल्या मुलाच्या बाळाला जवळ घेणं त्यांनी सोडलं. आम्हाला वाटलं, धोतर ओलं होईल म्हणून लाजत असतील.

एकदा ते कामासाठी भंडाऱ्याला आले आणि आमच्याकडे उतरले. फिनाईलचा वास आला म्हणून मी मागे गेले, तर भाऊजी खोकत, वाकून बेसिन घासत होते. पाणी लाल होतं. एकादशी होती. उपासाला ते पान तोंडात घालत नसत. मी म्हटलं, भाऊजी, आज तर तुमचं पान बंद असतं.

त्यांनी मान वर केली नाही. "वहिनी, संगीताचं लगन जुळून राहिलं. क्षयवाल्याची पोरगी कोन करते? तेवढं होऊन जाऊ द्या, मंग मले कुठीबी न्या."

मी ऐकलं नाही. तुमच्या आजोबांना हाक मारली. थुंकी तपासली, क्षय निघाला नाही. पुन्हा तपासली, तरी नाही. मग नागपूरला नेऊन शिरेतून औषध सोडून छातीचा स्कॅन केला. डॉक्टरांनी चित्र दाखवलं. श्वासनळ्यांना रक्त पुरवणारी एक बारीक धमनी एका जागी फुगली होती, सायकलच्या ट्यूबला फुगा येतो तशी. फुटली तर दवाखाना गाठायलाही वेळ मिळणार नाही, असं ते म्हणाले.

"म्हंजे लागट नाही? दुसऱ्याले होत नाही?" भाऊजींनी विचारलं.

नाही म्हटल्यावर त्यांनी दुपट्ट्यात तोंड लपवलं. "नातवाले उगाच दूर ठेवलं मी," एवढंच बोलले.

उपचार मांडीच्या सांध्यातून होणार होता. तिथल्या धमनीतून बारीक नळी वर छातीपर्यंत न्यायची आणि तारेची वेटोळी सोडून तो फुगा बंद करायचा. "खोकला छातीत, अन् हे मांडीतून काहून जाऊन राहिले?" नर्स तिथले केस काढायला आली, तेव्हा ते उठून चपला शोधू लागले. तुमचे आजोबा दारात उभे राहिले. शेवटी पुरुष कर्मचारी बोलावला, तेव्हा कुठे ते परत झोपले. सगळं होईपर्यंत ते जागे होते, पण त्यांनी लाजेने डोळे उघडले नाहीत.

रक्त थांबलं. पानही सुटलं. संगीताच्या लग्नात ते नातवाला मांडीवर घेऊन मांडवाच्या मध्यभागी बसले होते.

गावाने मात्र ठरवून टाकलं की क्षयच होता, पोरीसाठी झाकला. मी त्यांना म्हणायची, खरं काय ते सांगून टाका. ते म्हणत, "मंग मांडीचं सांगा लागन, वहिनी. क्षय बरा." आपल्या घरातही तेच राहिलं, कारण त्यांच्या लाजेखातर मीही गप्प बसले. याची आता मला लाज वाटते.

दोन वर्षांपूर्वी ते झोपेतच गेले. गोठ्यामागची भिंत शांताने कितीदा पोतली, तरी डाग वर येतात. त्यातले पानाचे किती आणि रक्ताचे किती, हे कुणाला सांगता येत नाही. भिंत अजून उभी आहे.