बिशानला गाडी बदलताना

आम्ही वेगळं व्हायचं ठरवलं तेव्हा मुलगी सात वर्षांची होती. तिची आई बुओना व्हिस्टाला एका प्रयोगशाळेत संशोधक होती, ती तिथल्याच कॉन्डो सोसायटीत राहिली. मी तोआ पायोहला ऑफिसजवळ छोटा फ्लॅट भाड्याने घेतला. शनिवारी सकाळी मी मुलीला आणायला जायचो आणि रविवारी संध्याकाळी सोडायला. भांडणं केव्हाच संपली होती. आता आम्ही दोघं एकमेकांशी इतकं नीट बोलायचो की मुलगी आळीपाळीने दोघांच्या तोंडाकडे बघत राहायची.

पहिल्या रविवारी तिला सोडायला निघालो तेव्हा ती एक शब्द बोलेना. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बॅग पोटाशी धरून, मान खाली घालून बसली होती. काय करावं सुचेना, म्हणून मी म्हटलं, "एक पाणमांजरी होती. बिशानच्या पार्कातल्या नदीत राहायची. एके दिवशी तिच्या मनात आलं, तुआसच्या बंदरावर जावं आणि मोठमोठी जहाजं बघावीत."

"व्हाय तुआस?" तिने विचारलं. मी मराठीत बोलायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं, हे आमच्याकडे पहिल्यापासूनच होतं.

"कारण तिथे समुद्रावर जिराफ उभे असतात असं तिला कुणीतरी सांगितलं होतं."

"दॅट्स क्रेन्स, लाह," ती इथल्या पोरांच्या ढंगात म्हणाली. पण हसली.

बिशानला आम्हाला गाडी बदलावी लागे. फलाटावर उतरल्याबरोबर ती माझ्या ओठांवर बोट ठेवायची, "पॉज." दुसऱ्या गाडीचे दरवाजे बंद झाले की म्हणायची, "ओके, प्ले." गोष्ट फक्त गाडीत चालायची. घरी, जेवताना, झोपताना मी सांगू लागलो की ती कान झाकून घ्यायची.

पुण्यात कॉलेजला असताना मी कविता करायचो. मग अकाउंट्सच्या नोकरीत ते सगळं मागे पडलं, आणि आपण काही सोडलंय हेही मी विसरून गेलो होतो. त्या गाडीत ते परत आलं. समोर जो बसेल त्याला मी गोष्टीत ओढायचो. मांडीवर ऑर्किडची कुंडी घेतलेल्या आजी पाणमांजरीला वाट दाखवायच्या. मासेमारीचा गळ घेऊन डुलक्या काढणारे काका तिचे शत्रू झाले. सोमवारी दुपारी हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या गाळ्यांच्या गर्दीत जेवताना मी आदल्या दिवशीचा भाग मोबाइलवर लिहून काढायचो. आयुष्यात इतक्या सहज मी कधी लिहिलं नव्हतं, आणि इतका दुःखीही कधी नव्हतो. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा चालतात हे मला तेव्हा कळत नव्हतं, अजूनही नीट सांगता येत नाही.

एकदा मी सहज म्हटलं, "मग ती दमली आणि घरी गेली."

"विच होम?"

मी दारावरच्या पट्टीवर पुढच्या स्टेशनचं नाव वाचू लागलो.

"शी हॅज टू," तिनेच मला समजावलं. "वन इज नदी, वन इज तळं."

असं दोनेक वर्षं चाललं. मग एका रविवारी गाडीत बसल्याबसल्या ती म्हणाली, "टुडे आय टेल." आणि तिने गोष्ट सांगितली, चक्क मराठीत, अडखळत, शब्द शोधत. पाणमांजरी तुआसला पोचते. तिथे एक मोठी बोट असते. पाणमांजरी आणि तिची आई त्या बोटीत बसतात आणि खूप लांब जातात. तिथे थंडी असते.

"आणि तिचे बाबा?" मी विचारलं.

तिने खिडकीकडे बघितलं. "बाबा नाही येत. बाबाचं काम इथे आहे."

बुओना व्हिस्टाला कॉन्डोच्या फाटकाशी तिची आई उभी होती. मुलगी आत पळाली. तिच्या आईने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं.

"तिने सांगितलं तुला? मी आजच सांगणार होते रे."

"कुठे?"

"डब्लिन. इथलं काँट्रॅक्ट संपतंय. नोकरी नाही तर इथे राहायचा पास नाही, तुला माहीत आहे. मी सगळीकडे प्रयत्न केला इथे."

मला माहीत होतं. मी म्हटलं, "तिला माझ्याकडे ठेव." ती रडू लागली. म्हणाली, "तिलाच विचारूया का, कुणाबरोबर राहायचं ते?" आणि ते विचारताक्षणी आम्हा दोघांनाही कळलं की हा प्रश्न त्या पोरीला विचारायचा नाही. पुढचे काही आठवडे मी वकिलांना भेटलो, पुण्याला आईशी बोललो, एकट्याने भिंतींशी भांडलो. शेवटी मीच हो म्हटलं. मुलगी आईजवळ जास्त निवांत झोपायची, एवढं एकच कारण मला खरं वाटलं.

त्या गेल्यावरही मी शनिवारी सकाळी गाडीत बसायचो. फोनवर गोष्ट पुढे न्यायचा प्रयत्न एकदा केला. ती म्हणाली, "बाबा, दॅट वन ओन्ली फॉर ट्रेन." मग मी ती गोष्ट लिहायला घेतली. पुण्यातल्या एका लहानशा प्रकाशकाने तिचं पुस्तक काढलं. इथल्या मराठी मंडळींनी मला प्रवास आणि लेखन या विषयावर बोलायला बोलावलं. कुणीतरी विचारलं, लिहिण्यासाठी कुठे कुठे फिरलात? मी म्हटलं, तोआ पायोह ते बुओना व्हिस्टा. सगळे हसले. मीही हसलो आणि घरी येऊन बूट न काढता बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो.

गेल्या वर्षी डब्लिनला गेलो. विमानात लिहीन म्हणून लॅपटॉप घेतला होता, तो उघडलाही नाही. विमानतळावर ती आईबरोबर आली होती. माझ्या खांद्याला लागत होती. "लाह" गेलं होतं, बोलण्याला वेगळाच हेल आला होता. बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली. दरवाजे बंद झाले. मी वाट पाहिली. तिने कानात इअरफोन घातले, मग काय वाटलं कुणास ठाऊक, एक काढून मला दिला. गाणं मला कळलं नाही. थोड्या वेळाने तिने काचेवर बोट टेकवलं आणि म्हणाली, "दॅट्स माय स्कूल." विटांची इमारत होती, पुढे ओलं मैदान. बस वळेपर्यंत मी बघत राहिलो.