कडीपेक्षा उंच पोरं

जुने पीटी मास्तर चहाला जमले की किस्से निघतातच. बाकीचे आपण घडवलेल्या खेळाडूंचे सांगतात. माझ्याकडे तसले नाहीत. माझे सगळे माझ्याच मूर्खपणाचे, आणि ते मात्र पोतंभर!

*

सत्तर-एकाहत्तर साल असेल. सोलापुरातल्या आमच्या शाळेत फुटबॉल सुरू करायचं ठरलं. हेडमास्तर मला म्हणाले, "तुम्ही गॅदरिंगला लेझीम छान बसवता. आता फुटबॉल बसवा!"

मी खरोखर बसवला. पोरांच्या तीन रांगा केल्या आणि बजावलं, "काय वाट्टेल ते होवो, लाईन मोडायची नाही!"

पहिली मॅच बार्शीला. आमच्यावर नऊ गोल झाले. आमचा कॅप्टन दत्ता, वळसंगचा गडी, छाती काढून माझ्यासमोर आला. "सर, पण लाईन न्हाय मोडली!"

*

शाळेत बॉल एकच. झिजेल म्हणून मी तो कपाटात ठेवायचो. प्रॅक्टिस म्हणजे मैदानाला दहा राऊंड. "आधी फिटनेस!" असं मी इंग्रजी झाडायचो.

मॅचच्या दिवशी बॉल बाहेर काढला की सगळे त्याच्याकडे धावत सुटायचे. एकदा आमचा गोलकीपरसुद्धा गोल सोडून निघाला.

"अरे, तू कुठं चाललास?"

"मला बी बघू द्या की, सर!"

*

निवड करायची माझी पद्धत अगदी शास्त्रीय होती. वर्गाच्या दाराला माझ्या खांद्याएवढ्या उंचीवर कडी होती. तिच्यापेक्षा ज्याचं डोकं वर जाईल, तो संघात!

सीनू कडीपर्यंत पोचायचा नाही. विणकराचं पोरगं, सहावीतलं, अंगानं काडी. पण गल्लीत चिंध्यांचा बॉल खेळायचा, तो पायाला चिकटलेला! शाळेची जर्सी घालून एकदा मैदानात उतरायचं, एवढंच त्याला हवं होतं. दर वर्षी विचारायचा, "सर, औंदा?" मी म्हणायचो, "वाढ जरा."

आठवीत तो ताठ मानेनं दारापाशी येऊन उभा राहिला. डोकं बरोब्बर कडीला! मला संशय आला. बूट काढायला लावले, तर आत वर्तमानपत्राच्या जाड घड्या.

"हे काय रे?"

"वाढलो, सर."

सगळा वर्ग हसला. मीही हसलो.

*

आमचा फॉरवर्ड बसवराज अक्कलकोटकडचा, घरी कन्नड. बॅकला राजेशम, त्याच्या घरी तेलुगू. मॅचमध्ये बसवराज पुढून ओरडला, "कोडू! कोडू!" की राजेशम असली किक हाणायचा, बॉल थेट भिंतीपलीकडे वाळत घातलेल्या चादरींवर!

मी टाळ्या वाजवायचो. "शाब्बास! किक बघा, किक!"

शेवटी बाहेर बसून बघणारा सीनू म्हणाला, "सर, बसू 'कोडू' म्हणतोय. कन्नडात म्हणजे 'दे'. राजेशमला 'कोट्टू' ऐकू येतंय. आमच्या तेलुगूत म्हणजे 'हाण'."

मी खेकसलो, "गप बस! फुटबॉल तू शिकवणार का मला?"

*

नववीला सीनूनं शाळा बदलली. त्याच वर्षी शहरातल्या शाळांच्या स्पर्धेत आमची गाठ त्याच्याच संघाशी पडली. हाफटाइमपर्यंत त्यांचे तीन गोल, तिन्ही सीनूचे.

मी पोरांना गोळा केलं. "त्या बारक्याला सोडू नका! तो उजवीकडं बघतो आणि डावीकडून काढतो. खांदा पाडला की फसायचं नाही, बॉल त्याच्या दुसऱ्या पायात असतो. आणि गोलजवळ त्याला वळू देऊ नका, वळला की संपलं!"

पोरं आ वासून ऐकत होती. दत्ता म्हणाला, "सर, तुमाला एवढं कसं म्हाईत?"

"अरे, तीन वर्षं बघत होतो की मी त्याला!"

"मग आपल्यात का न्हाय घेतला?"

मी गळ्यातली शिट्टी तोंडात घातली आणि जोरात फुंकली. पलीकडे चहा पीत बसलेला रेफ्री दचकून घड्याळ बघायला लागला.