बाजेवरचा पट्टा

परवा मालेगावच्या बाजारातून लेकीसाठी नवं दप्तर आणलं आणि नायलॉनच्या कोऱ्या पट्ट्याचा वास नाकात शिरला.

तो वास बाबांच्या बॅगेचा. बाबा दूरच्या कारखान्यात फिटर होते. तिथं फौजेसाठी छोटं, हलकं विमान तयार होत होतं. जखमी सैनिकाचं स्ट्रेचर विमानात घट्ट धरून ठेवणारा पट्टा बसवायचं काम बाबांकडे होतं. एका सुट्टीत नमुन्याचा पट्टा त्यांनी घरी आणला, माझ्या धाकट्या भावाला, विजयला, अंगणातल्या बाजेवर निजवलं आणि बक्कल लावलं.

"आता इमान पालथं झालं तरी हा पडत नाही," बाबा म्हणाले. विजय खदखदून हसत होता.

आई भाकरी टाकून पिठाच्या हातांनीच धावत आली. "जित्या माणसाले असं बांधतेत काय? असं तिरडीवर बांधतेत! सोडा त्याले!"

बाबांनी हसत हसत बक्कल सोडलं. मलाही तेव्हा आईचंच हसू आलं होतं.

पुढं विजय फौजेत गेला. नागपूरच्या विमानतळावर तो त्याच जातीच्या विमानातून आला, पेटीत. पेटी पट्ट्यांनी आवळलेली होती. विमानाच्या दाराशी उभी आई एकच म्हणत होती, "सोडा त्याले."

जवान पुढं झाले. बाबांनी त्यांना हातानंच थांबवलं आणि बक्कल स्वतः सोडलं.