गावाला ठाऊक नसलेला खून

रहस्यकथेचं पहिलं प्रकरण ऐकून झालं की आमचा कोतवाल तोंडातला तंबाखू एका गालातून दुसऱ्या गालात सरकवी आणि विचारी, "खून कोनं केला हे गावाले ठाऊकच नाही? मंग त्या गावात मानसं राह्यत नसतीन, मास्तर."

मास्तर म्हणजे मी. सत्तर सालानंतरची दोनचार वर्षं अकोला जिल्ह्यातल्या मालेगावजवळच्या एका खेड्यात चौथीला शिकवायचो आणि शाळा सुटली की रहस्यकथा लिहायचो. माझा गुप्तहेर चिरूट ओढायचा, राख बघून खुन्याचं गोत्र सांगायचा. खुनीही असा गुणी, की शेवटच्या पानावर न विचारता सगळं कबूल करायचा. असला कचरा मी शाळेच्या ओट्यावर वाचून दाखवी, आणि वर दाद मागे.

पोलीस येईपर्यंत प्रेताची राखण करणं हे कोतवालाचं कामच. एकदा तो एवढंच म्हणाला, "मढ्यापाशी पयले माशा येतात. तुमच्या अख्ख्या पुस्तकात एक माशी नाही." मी ते अडाण्याचं मत म्हणून सोडून दिलं.

मग गावाबाहेरच्या भाजीच्या मळ्यात खरा खून झाला. कोतवालाच्याच भाचीचा. तिथं मजुरीला जायची. मळेवाल्याच्या पुतण्यानं केला हे न्याहारीच्या आधी गावभर झालं होतं. पंच व्हायला मात्र कोणी तयार नव्हतं. कोतवाल माझ्याकडे आला. "तुमी लिवनारे. तुमी नीट पाह्यसान," म्हणाला.

मी गेलो. माशा दिसल्या आणि मान फिरवली ती वांग्यांच्या सऱ्यांकडे. पोलीस जमादारानं जो पंचनामा लिहिला त्याखाली न वाचता सही केली.

अकोल्याच्या कोर्टात आरोपीच्या वकिलानं विचारलं, विळा कुठं पडला होता? पंचनाम्यात तो पाटाच्या पाण्यात होता. मी बेधडक सांगितलं, उशाशी. याच खुनावर मी लिहायला घेतलेल्या कादंबरीत तो तिथंच होता. वकील हसला, मग तासभर मला सोलत बसला. दुसरं कोणी साक्षीला उभं राहिलंच नव्हतं. पुतण्या सुटला. कादंबरी पुढं छापून आली; वाचकांना फार खरी वाटली म्हणे.

परतीच्या एस.टी.त कोतवाल खिडकीशी बसला होता. मी शेजारी बसलो, काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तो उठला, माझे गुडघे ओलांडून बाहेर आला आणि वरचा दांडा धरून उभा राहिला. गाडी अर्धी रिकामी होती. मालेगाव येईपर्यंत तो उभाच होता.